वहिनी काळ्या सोंगट्यांनी खेळायची

दिवाळी सरली की जालन्याच्या रस्त्यांवर कापूस दिसायला लागतो. काठोकाठ भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यांकडे जातात, आणि त्यांच्या मागे बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. चार दिवसांत ते धुळीनं मळतात. शहरातली माणसं त्यांच्याकडे पाहतही नाहीत. मी मात्र पाहतो, आणि दर वर्षी या दिवसांत माझं तोंड कडू होतं.

मी बुद्धिबळाचा वर्ग चालवतो. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, बारा पट, रविवार सकाळ. गेल्या रविवारी मुलांना मी काळ्या बाजूनं कसं उभं राहायचं ते शिकवत होतो. समोरचा पहिल्या दोन-चार चालींतच एखादं प्यादं फुकट पुढं करतो. आपण ते घेतो, आणि आपण घेत असतो तेवढ्यात त्याचे उंट, घोडे मोकळे होऊन आपल्या राजावर धावून येतात. याला गॅम्बिट म्हणतात. मी मुलांना म्हणालो, "दिलेलं प्यादं घ्यायचं. भ्यायचं नाही. पण घेतलं म्हणून ते पदराला बांधून बसायचं नाही. त्याचा जोर वाढतोय असं दिसलं की परत द्यायचं आणि तेवढ्या वेळात आपलं घर सावरायचं."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं वहीतून मान वर करून विचारलं, "सर, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"कॉलेजात असताना," मी म्हणालो.

उत्तर किती सहज आलं! तसं ते खोटंही नव्हतं, मी तेव्हा कॉलेजातच होतो. मुलीनं मान डोलावली आणि पुन्हा लिहायला लागली. मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. 'पदराला बांधून' हे शब्द पुरुषाचे नाहीत, हे त्या एवढ्याशा पोरीच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

ते शब्द माझ्या वहिनीचे. शोभावहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको.

त्या वर्षी मी जालन्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कापूस चांगला आला होता आणि वेचणीला माणूस मिळत नव्हतं. दादानं फोन करून बोलावून घेतलं, "दत्तजयंतीपर्यंत घरीच थांब, कॉलेज कुठं पळून जात न्हाई." आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, फाट्यापासून आत. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्यातली माणसं मेंढरांमागं हिंडायची. वडील शेतात स्थिरावले आणि लवकर गेले. घरात माय, दादा आणि दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली वहिनी. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

कापूस वेचणं लांबून फार हलकं काम वाटतं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला रुततात, दोन दिवसांत बोटं ओरबाडून निघतात, आणि तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना मिठाचा खडासुद्धा झोंबतो. सकाळी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, दव असतं, बाह्या कोपरापर्यंत ओल्या होतात. दुपारी तीच पऱ्हाटी कडकडते. संध्याकाळी गाठोडी घरी आली की पुढच्या खोलीत ओतायची. खोली हळूहळू छतापर्यंत भरत जायची. त्या खोलीला सरकीचा एक तेलकट, उबदार वास असायचा. बोललं तर आवाज कापसात बुडून जायचा, आणि बाहेरचं कुणाचं बोलणं आत ऐकू यायचं नाही.

कॉलेजात मी बुद्धिबळात पहिला आलो होतो, त्यामुळे पट बरोबर आणला होता. कागदी पुठ्ठ्याचा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या. एक काळा हत्ती कुठंतरी हरवला होता. गावातला मित्र अंकुश संध्याकाळी यायचा आणि ओट्यावर माझ्याकडून हरायचा. एकदा वहिनी चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता तिनं पटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, उंट जाईन तुमचा."

अंकुश हसला. मीही हसलो. तिसऱ्या चालीला माझा उंट गेला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "वहिनी, तुमाला येतं?"

"थोडं थोडं."

मग तिनं सांगितलं. तिचे वडील, आबा, साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. हंगाम संपला की कारखाना थंड पडायचा आणि प्रयोगशाळेतल्या एका साहेबाला वेळ जाता जात नसे. त्यानं आबांना खेळायला शिकवलं. "सायबाला कायम पांढऱ्या लागायच्या. मंग आबाला कायम काळ्या. आबानं मला शिकिवलं ते बी काळ्याकडूनच. पांढऱ्याकडून मला कायबी येत न्हाई," असं म्हणून ती हसली. तो साहेब भारी आक्रमक होता. दोन चाली झाल्या की एक प्यादं द्यायचा, मग दुसरं, आणि मग तुटून पडायचा. आबा वर्षानुवर्षं त्याचा मार खात खात शिकले होते.

त्या संध्याकाळी मी पांढऱ्या घेतल्या, तिनं काळ्या. हरवलेल्या हत्तीच्या जागी तिनं कापसाचं एक वाळकं बोंड ठेवलं. मी हरलो. मला वाटलं, लक्ष नव्हतं माझं. पुन्हा मांडला. पुन्हा हरलो.

त्यानंतर ते रोजचंच झालं. शेतातून आल्यावर, दिवेलागणीच्या आधी, माय शेजारी जाऊन बसायची तेवढा पाऊण तास. आम्ही कापसाच्या खोलीच्या दारात पट मांडायचो. वहिनी पाय दुमडून बसायची, चाल करण्याआधी हात पदराला पुसायची आणि सोंगटी उचलली की आवाज न करता ठेवायची. मला पटावर सोंगटी आपटायची सवय होती. ती म्हणायची, "आपटल्यानं तिचा जोर वाढत न्हाई, भावजी."

मी राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं ढकलायचो, तो जुना प्रसिद्ध गॅम्बिट. ती ते घ्यायची. मी घोडा काढून आता धाव घेणार, तोच ती वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवून मधली जागा फोडायची, घेतलेलं तेवढं परत द्यायची आणि माझा सगळा आवेश जागच्या जागी बसायचा. मी चिडून विचारलं, "घेतलेलं परत कशाला देता? एका प्याद्यानं पुढं होता ना?"

तेव्हा ती ते वाक्य बोलली. "प्यादं दिलं तर घ्यावं. पन घेतलं म्हनून पदराला बांधून बसू ने. येळ आली की देऊन टाकावं. आबा म्हनायचे, समोरचा देऊन ऱ्हायला ते प्यादं न्हाई, तो तुमची जल्दी इकत घेऊन ऱ्हायला."

मी तिला हेही विचारलं होतं, की समोरचा एवढा अंगावर आल्यावर भीती नाही का वाटत. ती म्हणाली, "वाटती. पन तो धावून आला की त्याच्या मागचं घर रिकामं पडतं. मी तिकडं बघत बसते."

एकदा ती म्हणाली होती, "एक डाव मला पांढऱ्या द्या की. बघू तरी कसं वाटतं."

"पुढच्या डावात," मी म्हणालो. पुढच्या डावातही पांढऱ्या मीच मांडल्या. तिनं दुसऱ्यांदा मागितल्या नाहीत.

आज या सगळ्याकडे पाहताना वाटतं, माझ्या आयुष्यातलं खरं शिक्षण त्या एका महिन्यात झालं. नंतर मी पुस्तकं वाचली, शिबिरं केली, संगणकावर हजारो डाव पाहिले. सगळीकडे तेच सापडलं, जरा मोठ्या शब्दांत.

मार्गशीर्ष लागता लागता अंकुशनं एक पत्रक आणलं. घनसावंगीला एका मंगल कार्यालयात तालुक्याची खुली स्पर्धा होती, रविवारी, एका दिवसात पाच फेऱ्या. खाली दोन ओळींत लिहिलं होतं, महिलांसाठी स्वतंत्र गट. पत्रकाच्या तळाशी नाव भरून द्यायचा कागद होता आणि एक फोन नंबर.

वहिनीनं ते पत्रक दोनदा वाचलं. मग चुलीपाशी जाऊन बसली. रात्रीच्या जेवणात मायला म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊ का?"

माय भाकरी मोडता मोडता थांबली. "भर येचनीत? बाईमानसानं खेळायला?"

"दोन दिवसाचं आधीच येचून ठिवते. मंग जाते."

दादा माझ्याकडं बोट दाखवत मध्ये पडला. "जाऊ दे की माय. एक दिवसाचं तर हाय. संतोष हायेच संगं."

मायनं भाकरीचा तुकडा मोडला. शेवटी म्हणाली, "संगं हाय तर जा. पन येचून ठिवायचं म्हनलीस ते ध्यानात ठिव."

त्या आठवड्यात वहिनीनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उजाडायच्या आत ती शेतात असायची. दोन ओळी आमच्या पुढं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कडेनं काळं पडलं होतं, त्याला तिनं चिंधी बांधली. संध्याकाळी तरी पाऊण तास पट मांडायचीच. आणि आता ती मला शिकवताना जास्त बोलायची, हसायचीही. एका संध्याकाळी आम्ही दोघांनी कागद भरले. तिनं माझा पेन घेतला, हात पुसले आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं. 'खेळाचा अनुभव' अशी एक ओळ होती. "इथं काय लिव्हू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, लिहा पाच वर्षं. तिनं लिहिलं, 'लहानपणापासून'.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो डाव झाला.

त्या डावाबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. हॉस्टेलवरच्या एका मित्रानं मला एक नवा गॅम्बिट फोनवर सांगितला होता. पांढऱ्यानं एकामागून एक प्यादी द्यायची आणि दोन्ही उंट तोफांसारखे समोरच्या राजाकडं लावायचे. मला वाटलं, हे आबांच्या साहेबालाही माहीत नसेल. मी मुद्दाम अंकुशला आणि त्याच्याबरोबर आणखी तिघा-चौघांना बोलावलं. म्हणालो, "या, आज गंमत दाखवतो." ओट्यावर पट मांडला. वहिनी एवढ्या जणांसमोर बसायला तयार नव्हती. मीच आग्रह केला.

मी प्यादी दिली. तिनं एक घेतलं, दुसरं घेतलं, तिसरंही घेतलं. माझे दोन्ही उंट मोकळे झाले. मागून अंकुश म्हणाला, "वहिनी, फसल्या!" तिनं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं केलं. फुकट. मी ते उंटानं मारलं. तिनं घोडा काढला. मग मला ती चाल दिसली. मी उंट थेट तिच्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर घातला, शह दिला. तिला राजानंच उंट मारावा लागला, आणि राजा हलला तसा तिचा वजीर उघडा पडला. मी माझा वजीर सरळ पुढं नेऊन तिचा वजीर उचलला. उचलून हवेत धरला. "गेला वजीर!" मी ओरडलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनीनं टाळ्या थांबू दिल्या. मग तिनं राजाकडचा उंट तिरका बाहेर काढला आणि अगदी हळू म्हणाली, "शह."

उंट बाजूला झाला तशी मागची ओळ मोकळी झाली होती. कोपऱ्यात हत्तीच्या जागी ठेवलेलं ते वाळकं बोंड आता सरळ माझ्या वजिराकडं पाहत होतं. शह सोडवू की वजीर वाचवू? शेवटी वजीरच मध्ये घातला. तो तिच्या उंटानं खाल्ला, आणि तो उंट मी घोड्यानं मारला. मोजून पाहिलं तर दोघांचं सैन्य बरोबरीत आलं होतं. तिनं घेतलेलं सगळं परत दिलं होतं, आणि माझ्यापाशी आता धावून जायला काहीच नव्हतं. पटाच्या एका बाजूला तिची तीन प्यादी होती आणि माझं एकच. ती तीन प्यादी घेऊन सावकाश, जशी ती पऱ्हाटीची ओळ धरून जायची तशी, पुढं येत गेली. पोरं आधी गप्प झाली आणि नंतर हसायला लागली.

डाव संपल्यावर अंकुश म्हणाला, "संतोष, असं कर. रविवारी वहिनीला धाड घनसावंगीला. तू ऱ्हाय कापूस येचायला."

सगळे हसले. त्यात वहिनीही हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, जिंकल्यावर माणूस हसतं तेवढंच. पण मला फक्त तेच हसणं ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी दोन्ही कागद खिशांत घालून मी काळी-पिवळी जीप पकडली. मंगल कार्यालयात एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते. मी माझा कागद दिला. त्यांनी नाव वहीत उतरवलं आणि विचारलं, "अजून कुणी आहे का गावाकडून? महिला गटात एकही नाव नाही हो अजून. रविवारी सकाळी नऊपर्यंत आम्ही घेतोय."

"नाही," मी म्हणालो.

मी हे ठरवून गेलो होतो का? या प्रश्नाशी मी वर्षानुवर्षं खेळत आलो आहे. कधी वाटतं, तोंडातून निघून गेलं. पण दुसरा कागद मी वेगळ्या खिशात ठेवला होता. परत येताना जीपच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं, त्या भोकात मी तो घडी करून बोटानं आत आत कोंबला. निघून जाणाऱ्या गोष्टीला एवढी मेहनत लागत नाही.

घरी वहिनी भाकरी थापत होती. "मुदत संपली म्हने, वहिनी," मी म्हणालो. "माझं कसंबसं लागलं. तुमचं न्हाई घेतलं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "बरं," म्हणाली.

रविवारी माझ्यासाठी डबा बांधून तिनंच दिला. मी पहिल्या जीपनं गेलो. कार्यालयात एका बाजूला महिलांसाठी चार टेबलं मांडली होती, त्यांवर पट लावून ठेवलेले. साडेनऊपर्यंत माईकवरून सांगत होते, भगिनींपैकी कुणी आल्या असतील तर नाव द्यावं. मी दर वेळी पटाकडं मान घालून बसायचो. दुपारी ते पट उचलून टेबलांवर पुऱ्यांची पातेली ठेवली.

चौथ्या फेरीत मला काळ्या आल्या. समोर तीर्थपुरीचे एक वयस्क गृहस्थ होते, हाताला चुन्याचे डाग. त्यांनी दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं केलं आणि मिशीत हसले. मी ते घेतलं. त्यांनी घोडा काढला. मी वजिरापुढचं प्यादं सरकवलं. घेतलेलं परत दिलं. ते गृहस्थ पटाकडं पाहतच राहिले. "कुणी शिकवलं?" त्यांनी कौतुकानं विचारलं. मी नुसता हसलो. म्हणजे परवाच्या रविवारी मी वर्गात जे बोललो, तसं बोलण्याची ती पहिली वेळ नव्हती.

मी तिसरा आलो. शिल्ड मिळालं. घरी मायनं ओवाळलं, दादानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. वहिनीनं विचारलं, "काळ्या आल्त्या का?" मी पट मांडून तिला तो चौथा डाव दाखवला. ती उभ्यानंच पाहत होती. शेवटची चाल झाल्यावर म्हणाली, "बराबर खेळले."

त्यानंतर ती कधीही पटाशी बसली नाही. दुसऱ्या दिवशी मी बोलावलं तर म्हणाली, काम हाय. तिसऱ्या दिवशीही तेच. बोलणं बिलकुल बिघडलं नाही. चहा वेळेवर यायचा, भाकरी गरम असायची, शर्टाची बटणं लावलेली असायची. मला वाटलं, कामाचा ताण आहे. मला तसं वाटून घ्यायचं होतं. दत्तजयंतीनंतर व्यापाऱ्याची गाडी आली, चार माणसांनी फावड्यानं कापूस भरला आणि दुपारपर्यंत ती खोली मोकळी झाली. रिकाम्या खोलीत एकदम आवाज घुमायला लागला. मी पट पिशवीत घातला आणि जालन्याला निघून आलो.

त्या शिल्डमुळे कॉलेजच्या संघात माझी जागा पक्की झाली. संघामुळे ओळखी झाल्या, ओळखींतून वर्ग उभा राहिला. आज जिल्ह्यात कुठं शालेय स्पर्धा असली तर पंच म्हणून मला बोलावतात. वहिनीला दोन लेकरं झाली. माय थकली, तिचं सगळं वहिनी करते. मी सणाला गावी जातो, सगळ्यांसाठी काहीतरी नेतो, आणि इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तिला काहीच माहीत नाही. गुन्हा लपला आहे असं वाटलं की माणूस त्याच्याबरोबर सुखानं जगू शकतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पण त्या मुलीचा प्रश्न काही केल्या जाईना. मंगळवारी मी बस पकडली आणि गावी गेलो.

वहिनी शेतात होती. एकटीच. दादा बँकेच्या कामानं गेला होता, लेकरं शाळेत. तिच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. मी बाह्या सरसावून शेजारची ओळ धरली. आम्ही अर्धी ओळ वेचली. बोटं लगेच ओरबाडली. शेवटी मी म्हणालो, "वहिनी, तुमाला एक सांगायचंय."

"सांगा की."

"त्या साली घनसावंगीला... मुदत संपली न्हवती. मीच तुमचा कागद दिला न्हाई."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शनिवारपासून. खेळायच्या आदल्या दिवसापासून. पत्रकावर नंबर व्हता. ह्यांच्या मोबाईलवरून मी फोन केल्ता. मला वाटलं इनंती करून बघू. तर ते म्हनले, ताई, मुदत कशाची? सकाळी नऊपर्यंत या, एक बी बाई न्हाई आमच्याकडं."

पऱ्हाटीत वारं शिरलं होतं. मी विचारलं, "मंग आल्या काऊन न्हाई?"

"आल्ते."

मी वेचणं थांबवून तिच्याकडं वळलो.

"तुमी गेल्यावर निघाले. आत्याबाईला म्हनले, शेतात जाते. फाट्यावर आले, जीपमधी बसले. जीप भरायची व्हती अजून. तिथं बसल्या बसल्या इचार आला, की तिथं तुमी असताल. मला दारात बघून तुमचं तोंड कसं व्हईन? आन मी जितले तर कसं व्हईन? मंग त्या तोंडासंगं मला ह्याच घरात जलम काढायचाय." तिनं एक बोंड सोललं, पदरातल्या झोळीत टाकलं. "उतरले. शेतात आले. संध्याकाळपर्यंत येचलं."

म्हणजे मी माईकवरची हाक ऐकून मान खाली घालत होतो तेव्हा ती इथं, याच रानात होती. आणि संध्याकाळी तिनं सगळं माहीत असून माझा डाव पाहिला होता, आणि "बराबर खेळले" म्हणाली होती.

"माफ करा, वहिनी," मी म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. घरात मीठ संपलंय हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मग मात्र हात थांबवून माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी आले, बोलले, ते बराबर केलं. घरात तुमचं मी कमी करनार न्हाई, आजवर केलं का? पन माफी मी देनार न्हाई, भावजी. त्या दिवसातलं माझ्यापाशी तेवढंच राह्यलंय. ते बी तुमाला देऊ का?"

ती पुन्हा ओळीला लागली आणि मी तिच्या मागं. उन्हं कलेपर्यंत आम्ही त्या दोन ओळी संपवल्या. तिनं धडपा, म्हणजे जुन्या लुगड्याचं फडकं, अंथरला, कापूस ओतला, गुडघ्यानं दाबून चारी टोकांच्या गाठी मारल्या. भरलेलं गाठोडं एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही. ती खाली वाकली आणि म्हणाली, "द्या उचलून."

मी दोन्ही हातांनी गाठोडं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. तिनं मान जरा हलवून ते बसवलं, एक हात वर धरला आणि बांधावरून घराकडं चालायला लागली.